बुडबुडा उजेडाचा की हवेचा? प्रकाश-उत्प्रेरकावरचे बारीक बुडबुडे घडवून बघण्याची कृती

रात्री काचेच्या पेल्यात पाणी भरून उशाशी ठेवा. सकाळी पेल्याच्या आतल्या बाजूला मोहरीएवढे बुडबुडे चिकटलेले दिसतील. ना उत्प्रेरक, ना अतिनील दिवा. नळातून आलेलं गार पाणी खोलीच्या उबेला आलं, त्यात विरघळलेली हवा मावेनाशी झाली आणि काचेवर बाहेर पडली, एवढंच.

हे सुरुवातीलाच सांगतोय, कारण मी स्वतः इथेच फसलो होतो. काचपट्टीवर टायटॅनियम डायऑक्साइड या प्रकाश-उत्प्रेरकाचा, म्हणजे प्रकाश पडला की रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थाचा, पांढरा थर दिला, पट्टी पाण्यात बुडवून गच्चीवर एप्रिलच्या उन्हात ठेवली, आणि वीस मिनिटांत थरभर बुडबुडे! फोटो काढले, चार लोकांना पाठवले. त्यातल्या एका खवट मित्राने एकच प्रश्न विचारला: "शेजारी नुसती काच ठेवली होतीस का?" ठेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी ठेवली, तर तिच्यावरही तसेच बुडबुडे आले. तेव्हापासून मी बुडबुडा दिसला की आधी त्याची उलटतपासणी घेतो. खालची सगळी कृती त्या उलटतपासणीभोवती रचलेली आहे. बीएस्सीचा प्रकल्प करणाऱ्या मुलांना आणि थोडीफार प्रयोगाची सवय असलेल्या घरगुती उत्साही मंडळींना ती जमावी.

नेमकं घडतं काय

टायटॅनियम डायऑक्साइड हा अर्धवाहक. त्याच्या अनाटेज या रूपात इलेक्ट्रॉनला ऊर्जेच्या वरच्या पट्ट्यात उडी मारायला ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. १२४० ला या आकड्याने भागलं की तरंगलांबी मिळते: साधारण ३८८ नॅनोमीटर. याहून आखूड लांबीचा, म्हणजे अतिनील प्रकाश पडला तरच उडी लागते. इलेक्ट्रॉन वर गेला की खाली एक रिकामी जागा, 'होल', उरते. इलेक्ट्रॉन हायड्रोजन आयनांना मिळाला तर हायड्रोजन वायू तयार होतो, आणि होलने पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतले तर ऑक्सिजन. टोकियोत अकिरा फुजिशिमा यांना विद्यार्थिदशेत, १९६७ साली, टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश पडताच बुडबुडे येताना दिसले. केनिची होंडा यांच्यासोबतचा त्यांचा शोधनिबंध १९७२ साली 'नेचर'मध्ये आला, आणि हा विषय जगभर पसरला.

पण तयार झालेला वायू लगेच बुडबुडा होत नाही. आधी तो पाण्यात विरघळतो. २५ अंशांना आणि एक वातावरण दाबाला लिटरभर पाण्यात सुमारे ०.७८ मिलिमोल हायड्रोजन मावतो. तेवढा भरल्यावरही बुडबुड्याला जन्म घेणं सोपं नसतं. पाण्याचा पृष्ठताण त्याला सगळीकडून आवळत असतो, आणि बुडबुडा जितका लहान तितका तो जास्त आवळतो. एक मायक्रॉन त्रिज्येच्या बुडबुड्यावर पृष्ठताणाचा दाब सुमारे १.४ बार येतो. त्यात पुण्याच्या हवेचा सुमारे ०.९५ बार मिळवा. (आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर राहतो, त्यामुळे मुंबईकरांपेक्षा आपले बुडबुडे किंचित सुखात.) म्हणजे एवढ्याशा बुडबुड्याला टिकून राहायचं तर आतला दाब अडीच बारच्या आसपास हवा, आणि भोवतालच्या पाण्यात वायू तेवढा ठासून भरलेला हवा. सपाट, स्वच्छ जागी हे जवळजवळ होतच नाही. बुडबुडा जन्मतो तो ओरखड्यात, भेगेत, जिथे पाणी शिरलेलं नसतं आणि हवेचा कण आधीच दबा धरून बसलेला असतो. सोड्याच्या ग्लासात एकाच बिंदूपासून बुडबुड्यांची माळ वर चढते ती याच कारणाने.

सामान

पावडर घेताना फसगत ठरलेली. रंगाच्या दुकानातलं टायटॅनियम डायऑक्साइड स्वस्त असतं, पण उपयोगाचं नसतं. रंगात घालायच्या कणांवर मुद्दाम अ‍ॅल्युमिना आणि सिलिकाचं कवच चढवलेलं असतं, कारण उघडा कण उन्हात रंगातलाच राळेसारखा भाग खाऊन टाकतो आणि भिंतीवर खडूसारखी पूड सुटते. आपल्याला नेमका तो खादाड कण हवाय. प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानात 'अनाटेज, नॅनो पावडर' असं सांगून मागा. पी-२५ नावाने मिळणारी पावडर सगळ्यात खात्रीची. तिच्यात साधारण ८० टक्के अनाटेज आणि बाकी बहुतेक रुटाइल, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचंच दुसरं रूप, असतं.

दिवा बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत मिळतो. तिथे 'यूव्ही टॉर्च' म्हटलं की नोटा तपासायची ३९५ नॅनोमीटरची बॅटरी हातात ठेवतात. अनाटेजला ती पुरत नाही. मिश्रणातला रुटाइल ४१३ पर्यंतचा प्रकाश घेतो म्हणून थोडंफार काम होतं, इतकंच. ३६५ चीच मागा. ओळखायची खूण सोपी: कागदापासून दूर, साध्या भिंतीवर टाकलेला ३९५ चा प्रकाश भडक जांभळा दिसतो, ३६५ चा फिकट, मळकट पांढरा. जो कमी उजळ दिसतो तोच डोळ्यांना जास्त घातक, म्हणून पॉलिकार्बोनेटचा चष्मा लावल्याशिवाय तो पेटवायचा नाही.

बाकी सगळं मेडिकलमध्ये आणि शाळेच्या कपाटात सापडतं: काचपट्ट्या, रबरी बुचाच्या १० मिलीच्या काचेच्या इंजेक्शन-बाटल्या, १ मिलीची सिरिंज आणि दीड इंची सुई, ग्लिसरीन, हायड्रोजन पेरॉक्साइड, खल, व्हिनेगर, सेलोटेप. पाणी मात्र नळाचं नको. त्यात क्लोरीन आणि क्षार दोन्ही असतात. पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, चालतं.

थर देणं

पट्टी भांडी घासायच्या साबणाने धुवा, बॅटरीच्या पाण्याने विसळा, पुसू नका, उभी वाळवा. त्यानंतर तिला फक्त कडांना धरायचं. बोटाचा एक ठसा पुढे तासभर छळतो. तेलकट जागेला बुडबुडा घट्ट चिकटतो आणि फुगत बसतो.

खलात अर्धा ग्रॅम पावडर घ्या. व्हिनेगर थेंबथेंब घालत घोटत राहा. इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. पहिल्यांदा गुठळ्या होतात, मग कोरडं वाटतं, मग अचानक तो लगदा मऊ होऊन दह्यासारखा चमकतो. वीस मिनिटं तरी घोटा. शेवटी पातळ साबणाचा एकच थेंब, आणि तो घातल्यावर फेस येईल असं घोटायचं नाही.

पट्टीच्या दोन लांब कडांवर सेलोटेप लावा. मधल्या मोकळ्या जागेत वरच्या बाजूला लगद्याचा थेंब ठेवा आणि काचकांडीने एका ओढीत खाली सपाट करा. टेपच्या जाडीएवढा थर उरतो, आणि वाळल्यावर तो आणखी बारीक होतो. टेप काढा, सावलीत वाळू द्या. मग मफल भट्टीत (प्रयोगशाळेतल्या विजेच्या बंद भट्टीत) ४५० अंशांना अर्धा तास. भट्टी बंद केल्यावर पट्टी आतच निवू द्या. गरम पट्टी बाहेर काढली की तडकते. भट्टी नसेल तर जवळच्या महाविद्यालयात विनंती करा. तव्यावर भाजलेला थर मी करून पाहिलाय: पाण्यात घातल्यावर पापुद्रे सुटतात आणि पापुद्र्यांखाली अडकलेली हवा बुडबुड्यांचं सोंग घेते.

थर भाजल्यावर काच कापायच्या हिऱ्याने पट्टीचे एक सेंटिमीटर रुंदीचे तुकडे करा. बाटलीच्या तोंडातून ते आत गेले पाहिजेत. तेवढ्याच मापाचे बिनथराचे दोन-तीन तुकडेही कापून ठेवा. ते सगळ्यात महत्त्वाचे.

सोपा प्रयोग आधी: पेरॉक्साइड

मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड बहुधा ६ टक्क्यांचं असतं. तेवढंच बॅटरीचं पाणी घालून ३ टक्के करा. चार उथळ काचेच्या वाट्या मांडा. पहिलीत थराची पट्टी आणि अतिनील प्रकाश. दुसरीत तशीच पट्टी, पण वाटीवर डबा पालथा घालून अंधार. तिसरीत नुसती काच आणि अतिनील प्रकाश. चौथीत थराची पट्टी साध्या पाण्यात, अतिनील प्रकाशाखाली. दिवा एकच असेल तर एकेक करून, पण दरवेळी तितकाच वेळ आणि तितक्याच अंतरावरून.

थर पेरॉक्साइडमध्ये पडताच पिवळसर होतो. घाबरू नका, पृष्ठभागावरच्या टायटॅनियमशी पेरॉक्साइड जोडलं जातं त्याचा तो रंग आहे. त्यामुळेच इथे निळा प्रकाशही थोडं काम करतो. पहिल्या वाटीत काही मिनिटांत बारीक बुडबुडे दिसू लागतात, दिवा बंद केला की वेग पडतो, लावला की वाढतो. हे चालू-बंद किमान तीनदा करून बघा. दुसऱ्या वाटीतही अधूनमधून बुडबुडा येईल, कारण पेरॉक्साइड अंधारातही हळूहळू मोडतंच. पहिली आणि दुसरी यांतला फरक तेवढा प्रकाशाचा.

हा वायू ऑक्सिजन. बाटलीत पट्टी आणि पेरॉक्साइड घेऊन, वर पेरॉक्साइडनेच भरलेली परीक्षानळी उलटी धरून दोन-चार मिली गोळा झाला तर त्यात विझत आलेली उदबत्ती सरकवा, टोक लखलखेल. मात्र पेरॉक्साइडच्या बाटलीला घट्ट बूच कधीच लावायचं नाही. ३ टक्क्यांचं एक मिली द्रावण पूर्ण मोडलं तर जवळजवळ दहा मिली ऑक्सिजन देतं, आणि बंद बाटलीला ते झेपत नाही.

एक प्रामाणिक टीप: हे 'पाण्याचं विघटन' नव्हे. पेरॉक्साइड उतारावरच उभं असतं, प्रकाश त्याला फक्त ढकलतो. प्रकल्पाच्या वहीत असंच लिहा.

अवघड प्रयोग: हायड्रोजन

नुसता थर आणि नुसतं पाणी घेऊन घरच्या दिव्याखाली डोळ्यांना दिसतील असे हायड्रोजनचे बुडबुडे येत नाहीत. कोणी आणल्याचं सांगितलं तर त्याला माझ्या मित्राचा प्रश्न विचारा. इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना गाठून विझून जातात. त्यांना वेगळं ठेवायला दोन मदतनीस लागतात. एक, होलला खाऊ घालणारं काहीतरी. दुसरा, इलेक्ट्रॉन गोळा करून हायड्रोजन जुळवणारा धातू.

पुस्तकी कृतीत मिथेनॉल आणि प्लॅटिनम असतं. मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जातात, आणि प्लॅटिनमचे क्षार महाग तर आहेतच, शिवाय त्यांची अ‍ॅलर्जी एकदा जडली की जात नाही. मी ग्लिसरीन आणि मोरचूद वापरतो. वेग कमी मिळतो, पण झोप नीट लागते. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणात घालतात तेच. इथे मात्र प्रयोगशाळेचं शुद्ध घ्या. १० मिलिग्रॅम मोरचूद १० मिली पाण्यात विरघळवा. एक चौरस सेंटिमीटरचा, दहा मायक्रॉनचा थर जेमतेम दोन मिलिग्रॅम भरतो. त्याला एक टक्का तांबं द्यायला या द्रावणाचे दोन थेंब पुरतात. जास्त घातलं तर तांबं थरावर सावली धरतं आणि काम मंदावतं.

आता पाण्यातली हवा काढायची. बॅटरीच्या पाण्यात दहा टक्के ग्लिसरीन घालून पंधरा मिनिटं खळखळून उकळा. (पुण्यात ते ९८ अंशांच्या आसपासच उकळतं.) पट्टीचा तुकडाही त्यातच उकळा, म्हणजे थराच्या छिद्रांत दडलेली हवा निघून जाते. हवा काढणं दोन कारणांनी गरजेचं. खोटे बुडबुडे टळतात हे एक. दुसरं असं की पाण्यातला ऑक्सिजन इलेक्ट्रॉनचा पक्का चोर आहे. तो असेपर्यंत हायड्रोजनला काही मिळत नाही. प्रयोगशाळेत नायट्रोजनचं सिलिंडर असेल तर वीस मिनिटं तो सोडा, काम जास्त चोख होतं.

गरम द्रावण बाटलीत काठोकाठ, आवाज न करता, भिंतीवरून ओता. पट्टी आत सरकवा, मोरचुदाचे दोन थेंब टाका, बूच लावा आणि लगेच सुई टोचा. सुईचं टोक बुचापासून बरंच खाली, पाण्यात राहिलं पाहिजे. सुईला दट्ट्या काढलेली सिरिंज उभी जोडून तिच्यात थोडं तेच उकळलेलं द्रावण घाला. बाटली निवताना पाणी आकसतं आणि हे द्रावण आत ओढलं जातं. संपत आलं तर भर घाला. पुढे वायू तयार झाला की तो बुचाखाली साठतो, आणि त्याने ढकललेलं पाणी सिरिंजमध्ये चढतं. सिरिंजवरच्या खुणाच मग आपलं वायुमापक.

पूर्ण निवल्यावर बाटली पाण्याने भरलेल्या मोठ्या काचेच्या भांड्यात उभी करा. हे भांडं उष्णता शोषतं. थराची बाजू दिव्याकडे, आणि दिवा लावा.

पहिली खूण बुडबुड्याची नसते, रंगाची असते. पांढरा थर हळूहळू जांभळट-तपकिरी होतो: तांब्याचे आयन इलेक्ट्रॉन घेऊन थरावर धातूच्या रूपात बसतायत. हा रंग आला म्हणजे आतला ऑक्सिजन संपला. रंग येतच नसेल तर कुठून तरी हवा शिरतेय, बूच बदला.

त्यानंतर वाट पाहायची. किती, याचा हिशेब मांडून ठेवावा, म्हणजे धीर सुटत नाही. समजा थरावर अर्धा वॅट प्रकाश पडतो. ३६५ नॅनोमीटरला ते सेकंदाला दीड मायक्रोमोल फोटॉन होतात. शंभरातला एकच फोटॉन कामी आला असं धरू. एका हायड्रोजन रेणूला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे सेकंदाला ०.००७५ मायक्रोमोल हायड्रोजन. दहा मिली पाणी संपृक्त व्हायला साधारण साडेसात मायक्रोमोल लागतात, म्हणजे सोळा-सतरा मिनिटं. थराला लागून असलेलं पाणी त्याआधीच भरतं, पण बुडबुड्याला अतिसंपृक्त पाणी हवं असतं. एकूण अर्धा तास काहीच दिसलं नाही तर ते ठीकच चाललंय. एकदा सुरू झालं की मिलिमीटरभर व्यासाचा बुडबुडा दर तीनेक सेकंदांनी निघावा असा हा हिशेब सांगतो. प्रत्यक्षात कमीच मिळतो. दिव्याचा निम्मा प्रकाश इकडेतिकडे सांडतो.

उलटतपासणी

सिरिंजमध्ये पाणी चढलं म्हणून नाचू नका. दहा मिली पाणी २५ अंशांवरून ३५ वर गेलं तर नुसतं प्रसरण पावून तीसेक मायक्रोलीटरने वाढतं. उकळून न घेतलेलं पाणी असेल तर २० वरून ३५ अंशांवर जाताना त्यातून सोळाएक मायक्रोलीटर ऑक्सिजन सुटू शकतो, म्हणजे मिलिमीटरभर व्यासाचे तीस बुडबुडे, नायट्रोजन वेगळाच. म्हणून मोजमाप नेहमी दिवा बंद करून, बाटली पहिल्या तापमानाला आल्यावर घ्यायचं. फुगलेलं पाणी परत खाली उतरतं. वायू उतरत नाही.

शेजारी दुसरी बाटली ठेवा: सगळं तेच, पण आत बिनथराची काच. तिसरी बाटली थराची, पण तिच्यावर लाल दिवा, तापमान तेवढंच वाढेल असा. लाल प्रकाशाने टायटॅनियम डायऑक्साइड हलत नाही, उष्णता मात्र पोहोचते. या दोन्हींत काही आलं नाही आणि पहिलीत आलं, तर आता फोटो पाठवायला हरकत नाही.

वायू हायड्रोजनच आहे का? पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे मिश्रणातले वायू वेगळे करून ओळखणारं यंत्र, असतं. आपण तपकीर गल्लीतला एमक्यू-८ हा हायड्रोजन ओळखणारा सेन्सर वापरायचा. बुचाखालचा वायू दुसऱ्या सिरिंजने ओढून सेन्सरवर सोडा, आणि तेवढीच साधी हवाही सोडून तुलना करा. हा सेन्सर अल्कोहोलच्या वाफेलाही थोडा दचकतो. ग्लिसरीनची वाफ जवळजवळ होत नाही. मिथेनॉल टाळायचं हे आणखी एक कारण. ग्लिसरीन मोडताना थोडा कार्बन डायऑक्साइडही येतो, त्यामुळे 'शुद्ध हायड्रोजन' असं लिहू नका.

बुडबुडा जवळून बघताना

फोनला चिकटवायचं मॅक्रो भिंग किंवा यूएसबी मायक्रोस्कोप बाटलीच्या बाजूने लावा. उजेडाला लाल एलईडी, तोही तिरका. मोजपट्टी म्हणून त्याच अंतरावर आलेख-कागदाचा एक मिलिमीटर टिपून ठेवा. मग एकाच बुडबुड्याचा पाठलाग करा, दर पाच सेकंदांनी व्यास मोजा, आणि त्रिज्या व वेळ दोन्हींचे लॉगरिदम घेऊन आलेख काढा. रेषेचा चढ अर्ध्याच्या आसपास आला तर वायू लांबच्या पाण्यातून झिरपत बुडबुड्यापर्यंत येतोय. एक तृतीयांशाकडे झुकला तर थरावर तयार होणारा वायू जवळजवळ सगळा थेट बुडबुड्यात शिरतोय. सुरुवातीला एक आणि नंतर दुसरा चढही दिसू शकतो. ती दोन टोकं जबरदस्तीने एका रेषेत बसवू नका.

थरावर सुईने एक बारीक ओरखडा काढून पाहाच. बुडबुडे त्या ओरखड्यावर रांग धरतात, एक सुटला की त्याच जागी दुसरा. आणि अतिनील प्रकाशात थोडा वेळ राहिलेल्या थराची आणखी एक गंमत: तो पाण्याला इतका आपलासा करतो की पाण्याचा थेंब त्यावर गोल न राहता पसरून जातो. हा गुण १९९७ साली जपानमध्ये नोंदवला गेला. पाणी बुडबुड्याखाली शिरून त्याला उचलतं, म्हणून ताज्या थरावर बुडबुडे आधी मोठे आणि तासाभराने लहानपणीच सुटणारे दिसतात. मोठा चिकटून बसलेला बुडबुडा पाण्याला पृष्ठभागापासून दूर ठेवतो आणि प्रकाशही विखुरतो, म्हणजे तेवढी जागा वाया. टोकियो विद्यापीठाच्या गटाने १०० चौरस मीटरचं प्रकाश-उत्प्रेरक पॅनेल उघड्यावर चालवून २०२१ साली त्याचे आकडे मांडले. सूर्यप्रकाशातली जास्तीत जास्त ०.७६ टक्के ऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरली. अशा पॅनेलमध्ये वायू अडून न राहता बाहेर निघणं हा रोजचा प्रश्न असतो.

काम झाल्यावर खिडकी उघडा, आसपास काडी ओढू नका, आणि मग बूच काढा. हवा आत गेली की तपकिरी थर काही वेळात पुन्हा पांढुरका होतो, कारण तांबं ऑक्सिजनशी परत जोडलं जातं. मोरचूद लागलेली पट्टी पेरॉक्साइडच्या वाटीत पुन्हा वापरू नका. तांबं अंधारातही पेरॉक्साइड मोडतं आणि तुमची दुसरी वाटी खोटं बोलू लागते. पट्ट्यांवर काचेच्या कडेला 'तां' किंवा 'पे' लिहून ठेवलं की गोंधळ होत नाही.